नंबर एकला उभी असलेली गाडी

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात उदगीरच्या आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त मान माझ्या गाडीला होता, आणि ती हलत नव्हती म्हणून होता. हे कुणालाही सांगितलं की तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तरी नीट कळेलच अशी हमी देत नाही, कारण त्यातलं बरंचसं मलाच अजून उलगडलेलं नाही.

मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. निजामाच्या काळची जमीन महसुलाची पद्धत मी झोपेतही सांगेन, पण घरातल्या नळाचा वायसर बदलायला मला माणूस बोलवावा लागतो. त्या वर्षी नळालाच पाणी नसल्यामुळे तेही काम उरलं नव्हतं. असा मी, मन्मथ, गाडी दुरुस्त करायला का निघालो? मोबाईलवर मी तसले व्हिडिओ बघत असे. कुणीतरी शेडमधून गंजलेली गाडी बाहेर काढतो आणि दहा मिनिटांत ती चकाचक होऊन निघून जाते. त्या दहा मिनिटांच्या मधे काय काय असतं, ते मात्र व्हिडिओत दाखवत नाहीत.

माझे सासरे अमृतराव वनखात्यातून निवृत्त होऊन लोह्याला राहतात. किनवटला नोकरीत असताना, दोन हजार एक साली, त्यांनी एक छोटी हॅचबॅक नवीकोरी घेतली होती. मागचं दार वर उघडणारी, पांढरी. ती दोन हजार दहाला बंद पडली आणि तेव्हापासून त्यांच्या अंगणात लिंबाखाली उभी होती. शेजाऱ्यांची कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायची. आमच्या सासऱ्यांच्या घरात अंडं कुणी हातात धरत नाही, त्यामुळे ती सीट हळूहळू कोंबडीच्याच मालकीची झाली होती.

संक्रांतीला आम्ही लोह्याला गेलो होतो. जेवताना सासरे म्हणाले, "गाडी भंगारवाल्याला द्यायची ठरवली."

तिळाच्या पोळीवर तूप जास्त झालं असेल की काय कोण जाणे, मी एकदम बोलून गेलो, "देऊ नका. मी नीट करतो."

सासूबाई, म्हणजे गौरम्मा, कमलची अव्वा, तूप वाढता वाढता थांबल्या. माझी बायको कमल माझ्याकडे बघतच राहिली. सासऱ्यांनी मात्र सावकाश पाणी पिऊन घेतलं आणि सरकारी आदेश वाचावा तसं सांगितलं, "जावईबापू, तिची नोंदणी एकतीस मेला संपायली. त्याच्या आत पास करा अन् चालवत माझ्या दारात आणा. जो आणील त्याची गाडी. न्हाई आली, तर एक जूनला भंगारवाला तुमच्या दारातून घेऊन जाईल. मी त्याला पत्ता देऊन ठेवतो."

परत येताना कमल एसटीत जळकोटपर्यंत काही बोलली नाही. मी तिला समजावत होतो की परदेशात लोक हौस म्हणून जुन्या गाड्यांवर आयुष्य घालवतात. जळकोट गेल्यावर ती म्हणाली, "अव्वाला एसटीत उलट्या होतात."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"जीपमध्येही होतात. फक्त त्या गाडीत होत नव्हत्या. गाडी बंद पडून सहा वर्षं झाली, आपलं घर बांधून पाच. अव्वानं माझं घर अजून पाहिलेलं नाही." एवढं बोलून तिने खिडकीबाहेर तोंड केलं.

परदेशातल्या लोकांविषयी मी पुढे काही बोललो नाही. पाच वर्षांत ही गोष्ट मला कधी सुचली नव्हती याची लाज वाटली. आता काहीही झालं तरी ही गाडी चालती करायची, असं मी मनाशी ठरवलं.

जानेवारीअखेर गाडी एका टेम्पोत बसून उदगीरला आली. माझ्या कामात काटेकोरपणा नव्हता असं कुणी म्हणू नये. मी टेप घेऊन गाडीची रुंदी मोजली होती, गेटची रुंदीही मोजली होती, आणि गाडी गेटात आरामात मावत होती. मोजायची राहिली होती ती गल्ली. गाडी गेटात मावली असती, पण गल्लीत वळलीच नसती. त्यामुळे ती आमच्या कंपाउंडच्या भिंतीला डावी बाजू चिकटवून, विजेच्या खांबाजवळ रस्त्यावरच उभी राहिली. आमचे शेजारी वीरण्णा हात मागे बांधून सगळं बघत होते. म्हणाले, "सर, मी आधीच सांगणार होतो."

वीरण्णांचं तुरीच्या डाळीचं दुकान आहे. स्वतः ते मोपेडवर फिरतात, पण चारचाकीचं त्यांना माहीत नाही असं काही नाही. गाडी आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला इंजिन बदलू नका, इंजिन बदलाच, चाकं रुंद घ्या, चाकं अजिबात रुंद घेऊ नका, असे सगळे सल्ले दिले. यातला प्रत्येक सल्ला मला देताक्षणी पटत होता. हीच माझी अडचण आहे.

मिस्त्री म्हणून मी खय्यूम उस्ताद यांना धरलं. त्यांनी बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, "सर, जान हाय इसमें. बस सांस लेना भूल गई." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना काय हवं ते खोलायची परवानगी दिली. आठ दिवसांत त्यांनी गाडीची चारही चाकं काढली, ती विटांवर उभी केली, गिअरबॉक्स उतरवला आणि इंजिनाचं डोकं काढून आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी वर्तमानपत्रावर ठेवलं. मग ते भाच्याच्या लग्नाला बिदरला गेले आणि तीन आठवडे तिकडेच राहिले. कमल रोज त्या इंजिनाच्या डोक्याभोवतीने झाडून घ्यायची, त्याला हात न लावता.

आणि याच तीन आठवड्यांत नळ बंद झाले.

नळ बंद झाल्यावर टँकर सुरू झाला. आठ दिवसांनी एकदा यायचा, वार आणि वेळ ठरलेली नाही. आमची गल्ली पुढे अरुंद असल्याने तो खांबापाशी, म्हणजे माझ्या गाडीच्या तोंडाशीच थांबणार होता. टँकर कधी येईल याचा नेम नसल्यामुळे लोक आदल्या दिवशीपासून घागरी रांगेत लावून ठेवत. घागर म्हणजे त्या घराचा नंबर. तिला कुणी हात लावायचा नाही आणि तिने जागा सोडायची नाही. जागा सोडली की नंबर गेला. काढायचीच असेल, तर मालकाने स्वतः तिच्या जागी येऊन बसायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण इतक्या कडकपणे पाळलेला नियम मी कॉलेजात एकही पाहिलेला नाही.

पहिली घागर लावली ती पारूबाईंनी. पारूबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. सबंध गल्ली लहानपणी त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी आपली घागर नेमकी माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला टेकवून ठेवली. तिच्यामागे वीरण्णांची, मग आमची, मग सगळ्या गल्लीच्या घागरी लागल्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीचे दगडोबा आले. त्यांनी एक बिनबैलांची बैलगाडी ढकलत आणली होती आणि तिच्यावर दोन मोठी टिपाडं, म्हणजे पत्र्याची पिंपं, होती. त्यांचं म्हणणं, खांब मागच्या गल्लीच्या हद्दीत येतो, तेव्हा पहिला नंबर त्यांचा. टँकर निम्म्यात संपायचा, त्यामुळे पहिल्या गल्लीला पाणी मिळायचं आणि दुसरी टिपाडं वाजवत परत जायची. भांडण दोन तास चाललं. शेवटी पारूबाई म्हणाल्या, "जे आधीपासून जाग्यावर हाय अन् हललं न्हाई, त्याचा पहिला नंबर. घागरीचा कायदा हाच हाय का न्हाई?"

"हाव," दगडोबा म्हणाले.

"मंग ही गाडी जानेवारीपासून हितं हाय. विटांवर हाय. हिचा नंबर एक. अन् हिच्यामागं आमच्या घागरी."

दगडोबांनी विटा पाहिल्या. विटांपुढे कुणाचंच काही चालत नाही. त्यांनी बैलगाडी आमच्या घागरींना समांतर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला लावली. गाडी कधी हलते याची वाट पाहत ती तिथे उभी राहिली.

असा माझ्या गाडीला टँकरच्या रांगेत पहिला नंबर मिळाला. लोक येताजाता तिच्याकडे आदराने बघू लागले. कुणी पोरगं टपावर चढलं तर चार घरांतून ओरडा व्हायचा. मला अभिमान वाटायला हवा होता आणि थोडा वाटलाही. मी उठताबसता "माझी गाडी, माझी गाडी" म्हणू लागलो. पुढे हेच शब्द माझ्या अंगाशी येणार आहेत, हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

याच सुमारास वीरण्णा एका संध्याकाळी हळूच येऊन म्हणाले, "सर, गाडी पास करायची घाई करू नका. एक मेला उदगीर जिल्हा होऊन राहिला."

उदगीर जिल्हा होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. पण वीरण्णांचा साडू मंत्रालयात होता. (मंत्रालयात म्हणजे मंत्रालयाच्या समोरच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानात, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.) नवा जिल्हा म्हणजे गाड्यांना नवे नंबर. वीरण्णा म्हणाले, "कशाला जुन्या जिल्ह्याच्या नंबरवर पास करायलात? दोनदा काम. थांबा. नव्या जिल्ह्याची पहिली गाडी तुमची."

रांगेतला पहिला नंबर मिळालाच होता, आता जिल्ह्यातलाही मिळेल, या विचाराने माझं डोकं फिरलं. मी नंबरप्लेटही रंगवून घेतली: 'एमएच', पुढे मोकळी जागा. एक मेला वीरण्णा सकाळीच पेढे घेऊन आमच्या हॉलमध्ये बसले. टीव्हीवर झेंडावंदन झालं, भाषणं झाली, परेड झाली, बातम्या संपून मालिका लागली. वीरण्णांनी पेढ्याचा पुडा गुंडाळून खिशात घातला. "पंधरा ऑगस्टला फिक्स," ते म्हणाले.

माझ्या हातात तीस दिवस उरले होते. मी लातूरच्या आरटीओ कचेरीत गेलो. तिथे सांगितलं, गाडी नांदेड जिल्ह्याची, तिकडे जा. तिकडे गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझं आधारकार्ड बघून म्हटलं, तुम्ही लातूर जिल्ह्याचे, ना-हरकत घ्या आणि इकडे कशाला, तिकडेच जा. मी दोन जिल्ह्यांमधे तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी एका सज्जन कारकुनाने कागद नीट वाचला.

"गाडी अमृतरावांच्या नावावर हाय. पत्ता लोह्याचा. तुम्ही कोण?"

"मी त्यांचा जावई."

त्याने फॉर्म वरून खाली पाहिला. उलटा करूनही पाहिला. "जावयाचा कॉलम न्हाई," तो म्हणाला. "तुमचा यात काहीच संबंध न्हाई, सर. एकतीस तारखेला लोह्यात कॅम्प हाय. गाडी अन् मालक दोघांना हजर करा, त्याच दिवशी काम होऊन जाईल."

चार महिने मी ज्या गाडीसाठी राबत होतो तिच्याशी माझा काही संबंध नाही, हे सरकारने इतक्या स्पष्टपणे सांगितल्यावर माणसाला जे वाटेल ते मला वाटलं. मी कॅन्टीनमध्ये दोन चहा प्यायलो.

इकडे उस्ताद परत आले होते. त्यांनी हॉलमधलं डोकं उचलून इंजिनावर बसवलं, गिअरबॉक्स चढवला. चाकंही चढवली. त्यासाठी विटा काढायला पारूबाईंनी समोर उभं राहून परवानगी दिली, गाडी "जाग्यावरच्या जाग्यावर" खाली उतरवायच्या अटीवर. रेडिएटरला मात्र पाणी पाहिजे होतं. मी घरातून तांब्या घेऊन निघालो तर गल्लीतून आवाज उठला. माणसांना पाणी नाही आणि गाडीला पाणी? मी मान खाली घालून परत फिरलो. तेवढ्यात पारूबाईंनी हात वर केला.

"थांबा! नंबर लावलेल्याला एक घागर मिळतीय का न्हाई?"

"मिळतीय," सगळे म्हणाले.

"मंग नंबर एकची घागर कुठं हाय? इतके टँकर झाले, हिला एकदाबी मिळाली न्हाई. हे बराबर हाय का?"

गल्ली विचारात पडली. बराबर नव्हतंच. पुढच्या टँकरपासून गाडीच्या नावाने एक घागर भरली जाऊ लागली. पारूबाई ती स्वतःच्या ओट्यावर झाकून ठेवायच्या आणि उस्तादांना लागेल तेवढं पाणी मोजून द्यायच्या. कॉलेजात मी दुष्काळावर एक तास घेतो. त्यात हे कुठे बसवायचं ते अजून ठरलेलं नाही.

रंगाचं असं झालं की मला मोरपंखी रंग हवा होता. रंगाऱ्याने सांगितलं, पत्रा ओल्या पेपरने घासावा लागतो. पाण्याचा शब्द काढायची माझी आता छाती नव्हती. त्याने कोरडंच घासून रंग मारला, त्यामुळे रंग आणि धूळ एकमेकांत मिसळून पत्र्याला भाकरीसारखा खरखरीतपणा आला. आणि तोही उजव्या बाजूलाच. डावी बाजू भिंतीला चिकटलेली, तिथे रंगाऱ्याचा हात पोहोचेना. गाडी दोन फूट पुढे घ्यायची विनंती मी केली, तेव्हा सबंध गल्लीने माझ्याकडे असं बघितलं की मी ती परत घेतली. तेव्हा गाडी एका बाजूने मोरपंखी, दुसऱ्या बाजूने पांढरी. बॉनेटवर दोन्ही रंग मधोमध भेटत होते आणि कुणाचंच समाधान करत नव्हते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. काळा धूर निघाला, मग गाडी शांतपणे धडधडू लागली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काही धुरामुळे आणि काही नाही. तेवढ्यात पारूबाई ओरडल्या, "सर, बंद करा! हलंल की!"

तीस तारखेच्या संध्याकाळी मी गल्लीला सांगितलं की उद्या सकाळी सहाला गाडी लोह्याला जाणार. मग सगळे एकदम बोलायला लागले. टँकर नेमका एकतीसलाच येणार अशी खबर होती. गाडी हलली की नंबर एक गेला, आणि दगडोबांची बैलगाडी पुढे सरकली की आमच्या बावीस घरांना पुढचे आठ दिवस कोरडे. पलीकडच्या कडेने दगडोबा बैलगाडीच्या चाकांत वंगण घालत होते.

मी हात जोडले. कमलची आई, एसटी, उलट्या, सहा वर्षं, भंगारवाला, सगळं सांगितलं. पारूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "घागर काढायची तर मालकानं तिच्या जाग्यावर बसायचं. कायदा हाय. गाडी जाऊ द्या. मालक बसंल."

"पण मालक लोह्याला आहेत," मी म्हणालो.

"चार महिने 'माझी गाडी, माझी गाडी' कोण करत होतं?" पारूबाईंनी विचारलं. "बसा मंग."

मी दगडोबांकडे बघितलं. तेही मान हलवून म्हणाले, "हाव, मालक बसला तर चालतंय. पण उठला तर गेला."

मग गाडी कोण नेणार? मी उस्तादांकडे वळलो. उस्ताद खाली बघायला लागले. "सर, मैं इंजन का आदमी हूँ. लायसन कभी निकाला नहीं." वीरण्णांनी मोपेडकडे बोट दाखवलं. मागून कमल म्हणाली, "मी नेते."

"तू?"

"अप्पांनी मला याच गाडीवर शिकवलं. किनवटच्या रस्त्यावर. लायसनही तेव्हाच काढलं. लग्नाआधी सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं असेल. मी त्या वेळी काही ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो.

सकाळी सहाला कमल गाडीत बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा वळवला, जुनी नंबरप्लेट बसवली आहे की नाही ते उतरून एकदा पाहिलं आणि एकही झटका न देता गाडी काढली. आमच्यासमोरून मोरपंखी गाडी गेली आणि कोपऱ्यावर वळून परत दिसली तेव्हा पांढरी होती. मी ऑइलच्या डागावर घडीची खुर्ची टाकून बसलो. पारूबाईंची घागर माझ्या पाठीला लागली होती. दगडोबांनी बैलगाडी दोन हात पुढे ढकलली आणि तिचं जू माझ्या गुडघ्यापाशी आणून थांबवलं.

आठ वाजता कॉलेजची दोन मुलं गेली. "सर, काय करून राहिले?"

"बसलोय," मी म्हणालो.

नऊ वाजता एक अनोळखी गृहस्थ सायकलवरून उतरले, माझ्याकडे, खुर्चीकडे, रस्त्याकडे पाहून म्हणाले, "उपोषण का?" मी नाही म्हणायच्या आत वीरण्णा म्हणाले, "जिल्ह्यासाठी." वीरण्णांचा स्वभावच तसा, समोरच्याला निराश करवत नाही. त्या गृहस्थांनी मला नमस्कार केला आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसले. दहापर्यंत अकरा जण बसले होते. कुणीतरी सतरंजी आणली. एक वार्ताहर येऊन फोटो काढून गेला. मी त्याला ओरडून सांगत होतो की मी गाडी आहे, म्हणजे गाडीच्या जागी आहे. ते त्याने लिहून घेतलं असेल तर देव जाणे. उठून समजावणं शक्य नव्हतं. उठलो की गेलो.

बाराच्या उन्हात टँकर आला. वळणावर त्याच्या ड्रायव्हरने सतरंजी पाहिली, घोषणा ऐकल्या आणि गाडी रिव्हर्सला टाकली. आंदोलनात तो पाणी वाटणार नव्हता. बावीस घरांचं आठ दिवसांचं पाणी मागे मागे जायला लागलं. माझे पाय उठायला झाले, आणि गुडघ्यापाशी जू हललं. मी बसलो. आयुष्यात इतकं अवघड बसणं मी कधी बसलो नाही.

पारूबाई मात्र टँकरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "आरं थांब! ते उपोषण न्हाई! तो नंबर हाय!"

"कुठला नंबर?" ड्रायव्हर म्हणाला.

"एक नंबर! तो मानूस बसलाय ना, तो आमचा एक नंबर!"

ड्रायव्हरला काय समजलं ते माहीत नाही, पण पारूबाईंच्या आवाजात आज्ञा असते. टँकर आला. सतरंजीवरचे आंदोलक उठून घरून घागरी आणायला पळाले. नळी आधी माझ्याकडे आली, म्हणजे गाडीच्या घागरीकडे. पारूबाईंनी ती भरून ओट्यावर नेऊन झाकली. मग आमची गल्ली भरली. का कोण जाणे, त्या दिवशी टँकर निम्म्यात संपला नाही, आणि दगडोबांचं एक टिपाडही भरलं. तरी बैलगाडी माझ्या गुडघ्यापासून हलली नाही. आठ दिवसांनी पुन्हा टँकर होताच.

दोनला कमलचा फोन आला. "साहेब विचारतायत गाडीचा रंग कोणता. फॉर्ममध्ये लिहायचाय."

"मोरपंखी."

"तो यादीत नाही म्हणतात."

मी काही बोलणार तर तिनेच तिकडे सांगितलेलं मला ऐकू आलं: "निळा आणि पांढरा लिहा साहेब, अर्धा अर्धा." मग फोन बंद झाला. पास झाली की नाही, ते कळलंच नाही. दोन ते सहा मी त्या खुर्चीवर कसे काढले ते मी कुणाला सांगणार नाही. एक जूनचा भंगारवाला मला कोपऱ्यावरून चार वेळा येताना दिसला. दोनदा तो रद्दीवाला निघाला आणि दोनदा कुणीच नव्हतं.

सहा वाजता गाडी आली. पांढऱ्या बाजूने आली, वळली आणि मोरपंखी झाली. आमच्या गेटासमोर थांबली. मागच्या सीटवर अमृतराव बसले होते. आणि पुढे, काच खाली करून, कपाळावर भस्माची तीन बोटं, पदर नीट, तोंड ताजंतवानं, गौरम्मा बसल्या होत्या. त्यांना उलटी झाली नव्हती.

त्या उतरल्या. सहा वर्षांनी. आधी त्यांनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, रस्त्यात कामून बसलात?"

मी नमस्काराला उठणार तेवढ्यात सबंध गल्ली ओरडली, "सर, उठू नका!" गाडी अजून जाग्यावर यायची होती. म्हणून मी बसूनच हात जोडले. अमृतराव माझ्याकडे, बैलगाडीच्या जुवाकडे, घागरींकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून कागद काढून मला दाखवला. पुढच्या पाच वर्षांची मुदत होती. "गाडी हिच्या नावावर करायलो," कमलकडे मान करून ते म्हणाले. "जो आणील त्याची, असं बोललो होतो. हिनं आणली." त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, आणि कॉलमही भरला जाणार होता.

कमल अव्वाचा हात धरून पायरीपाशी आली आणि थबकली. पाहुणा दारात आला की पायावर पाणी घालायचं असतं. आईच्या पायावर, पहिल्यांदा लेकीच्या घरी आलेल्या. घरातलं पाणी आठ दिवस पुरवायचं होतं. अव्वालाही ते कळलं. त्या म्हणाल्या, "राहू दे ग, तसंच येते."

तेव्हा पारूबाई ओट्यावरून घागर घेऊन आल्या. झाकण काढलं.

"अहो, राहू द्या," अव्वा मागे सरकल्या. "लोकांना प्यायला न्हाई."

"ही लोकांची न्हाई," पारूबाई म्हणाल्या. "नंबर एकची हाय. तुमच्याच गाडीच्या वाट्याची."

आणि त्यांनी घागर तिरकी केली. बावीस घरं बघत उभी होती, दगडोबाही. पाणी अव्वाच्या पायांवरून पायरीवर आलं आणि पायरीवरून मातीत गेलं, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. कमलने तोंडाला पदर लावला. अव्वा ओल्या पायांनी घरात गेल्या, आणि फरशीवर त्यांची पावलं उमटलेली मला खुर्चीवरून दिसत होती. हॉल, मग स्वयंपाकघर, मग देव्हारा. प्रत्येक भिंतीला त्या हात लावत असाव्यात, कारण बांगड्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. त्याखाली काय लिहिलं होतं, आणि प्राचार्यांनी मला बोलावून काय विचारलं, ते जाऊ द्या. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही, यात माझा दोष नाही.

पण ती संध्याकाळ. सगळे आत गेले होते. गाडीची किल्ली कमलच्या कमरेला होती आणि गाडी जाग्यावर लावायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. मी उन्हाने करपलेला, सकाळपासून काही न खाल्लेला, बसून होतो. दगडोबांनी जू अर्धी वीत पुढे सरकवलं. ते माझ्या गुडघ्याला टेकलं. मी तसूभरही हललो नाही.

आतून अव्वाचा आवाज आला, "जावई कुठं हायत?"

"बाहेर," कमल म्हणाली. "नंबर एकला."

ती ते ज्या आवाजात म्हणाली, तो मी तेरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकला. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.